जामीन मिळाला, मग आमदारकी का नाही परत? (सावनेर, केदार)

खापाकडचा

नमस्कार मंडळी. घरचं भांडण चव्हाट्यावर आणतोय, पण इलाज नाही.

मी मूळचा सावनेर तालुक्यातला, पोटापाण्यासाठी पुण्यात. संक्रांतीला गावी गेलो होतो. आमचे मोठे काका सावनेरचे माजी आमदार सुनीलबाबू केदारांचे जुने कार्यकर्ते. म्हणजे थेट त्यांच्या वडिलांच्या, बाबासाहेब केदारांच्या काळापासूनचे. कितीही पडझड झाली तरी बैठकीतला तो फोटो भिंतीवरून उतरलेला नाही. तर तिळगूळ तोंडात असतानाच काकांनी विषय काढला: "नाशिकच्या त्या कोकाटेला दोन वर्षांची सजा, तरी तो आमदार. आपले बाबू जानेवारी २०२४ पासून जामिनावर बाहेर, तरी घरी बसून. तू शिकला ना एवढा? सांग मग, हा कोणता न्याय?"

मी म्हटलं, एक सत्तेत आहे आणि एक विरोधात. काका खूश झाले आणि दुसरा लाडू दिला. पण माझंच मला पटेना. मी इंजिनिअर माणूस, कायद्यातलं काही कळत नाही. जामीन मिळाला म्हणजे शिक्षा थांबली ना? मग पद का नाही परत आलं? आणि २००२ च्या बँक प्रकरणाचा निकाल २०२३ मध्ये लागतो, मधल्या काळात माणूस मंत्रीही होतो, हे नेमकं कसं चालतं? कोणी नीट समजावून सांगेल का? राजकीय शिव्यागाळी नको, ती घरी भरपूर झाली आहे.

संत्राबर्फी

काकांना दिलेलं उत्तरच बरोबर आहे, उगाच खोलात जाऊ नको.

बाकी एक गंमत कोणाच्या लक्षात आली का? केदार महाविकास आघाडीत क्रीडामंत्री होते (पशुसंवर्धन आणि दुग्धविकासही होतं म्हणा). कोकाटेंकडून कृषी काढून घेतलं आणि दिलं काय, तर क्रीडा. त्या खात्याच्या खुर्चीखाली कोणी लिंबू-मिरची पुरलंय का, ते एकदा पाहून घ्या बाप्पा.

लालशाई

संत्राबर्फी, लिंबू-मिरचीचं तुम्ही पहा. पोराने नीट विचारलंय, म्हणून नीट सांगतो. मी वकील नाही. सहकार खात्यात लेखापरीक्षक होतो, आता निवृत्त. साक्षी द्यायला मात्र कोर्टाच्या पायऱ्या पुष्कळ झिजवल्या, त्यामुळे कोर्टाचे आदेश वाचायची सवय लागली. सवय एकच: आदेश शेवटच्या परिच्छेदापासून वाचायचा.

तुझ्या काकांचा घोळ एका शब्दाने केला आहे. तो शब्द म्हणजे "दिलासा". पेपरात मथळा येतो "आमदारांना दिलासा", आणि तो दिलासा कसला ते आतही धड लिहिलेलं नसतं. दिलासा तीन जातींचा असतो. पहिला जामीन, म्हणजे माणूस तुरुंगाबाहेर. दुसरी शिक्षेला स्थगिती, म्हणजे अपिलाचा निकाल लागेपर्यंत शिक्षा भोगायची नाही. अपिलात हे दोन्ही बहुधा जोडीनेच येतात. तिसरी दोषसिद्धीला स्थगिती. म्हणजे "हा माणूस दोषी आहे" हे जे कोर्टाने लिहून ठेवलं, तेच तात्पुरतं झाकून ठेवायचं. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ८(३) हे या तिसऱ्या गोष्टीला चिकटलेलं आहे. माणूस तुरुंगात आहे की घरी, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. दोषी ठरला आणि दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली, की दोषी ठरल्या तारखेपासून अपात्र, आणि सुटकेनंतर आणखी सहा वर्षं. "दोन वर्षं किंवा जास्त" हे नीट वाच. बरोबर दोन वर्षंही त्यात येतात. राहुल गांधींची खासदारकी मार्च २०२३ मध्ये गेली ती याच काठावरच्या दोन वर्षांनी, आणि ऑगस्टमध्ये परत आली ती जामिनामुळे नाही, सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी थांबवली म्हणून.

आता केदारांचं ओळीने लाव. २२ डिसेंबर २०२३, शुक्रवार. नागपूरच्या अतिरिक्त मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांनी नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या रोखे प्रकरणात पाच वर्षं सजा सुनावली. सहा जण दोषी, तिघे सुटले. नागपूरचं हिवाळी अधिवेशन २० तारखेला संपलेलं, म्हणजे दोन दिवसांपूर्वी हा माणूस त्याच गावात सभागृहात बसत होता. निकालानंतर चोवीस तास उलटायच्या सुमारास विधिमंडळाने जागा रिकामी झाल्याची अधिसूचना काढली. महिनाअखेरीस सत्र न्यायालयाने जामीन नाकारला. ९ जानेवारी २०२४ ला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा थांबवून जामीन दिला. हा तुझ्या काकांचा "दिलासा". दोषसिद्धी थांबवा म्हणून वेगळा अर्ज झाला, तो उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये फेटाळला. तिथेच आमदारकीचा आणि पुढच्या निवडणुकीचाही विषय संपला. नोव्हेंबर २०२४ ला म्हणूनच उमेदवारी त्यांच्या पत्नी अनुजाताईंची होती, आणि आशिष देशमुख निवडून आले. तेच आशिष देशमुख, जे २००९ ला याच सावनेरात थोडक्यात पडले होते.

कोकाटेंचं प्रकरण नाशिकमधल्या मुख्यमंत्री कोट्यातल्या घरांचं, १९९५ च्या सुमाराचं. फेब्रुवारी २०२५ ला दोन वर्षं सजा झाली. मार्चमध्ये सत्र न्यायालयाने दोषसिद्धीच थांबवली, म्हणून पद टिकलं. डिसेंबरात त्याच सत्र न्यायालयाने अपील फेटाळलं, तेव्हा मंत्रिपद गेलं. उच्च न्यायालयाने त्यांनाही केदारांसारखंच दिलं: जामीन हो, दोषसिद्धीला स्थगिती नाही. ते तिथेच थांबलं असतं तर आमदारकी गेलीच होती. तीनच दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने आमदारकी जाऊ नये एवढ्यापुरती दोषसिद्धी थांबवली आणि लाभाचं पद घ्यायचं नाही असं बजावलं.

म्हणजे कायदा दोघांना एकच लागला. फरक तिसऱ्या कागदात, म्हणजे दोषसिद्धीच्या स्थगितीत पडला. तो कागद एकाला का मिळाला आणि दुसऱ्याला का नाही, यावर वकील लोक रात्रभर बोलतील. प्रकरणाचा आकार, गुन्ह्याचं स्वरूप, पैसा कोणाचा, हे सगळं न्यायाधीश तोलतात. दोषसिद्धीला स्थगिती हा अपवाद आहे, हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच रविकांत पाटलांच्या प्रकरणात सांगून ठेवलं आहे.

खापाकडचा

काका, (तुम्हाला काका म्हटलं तर चालेल ना?) आता डोक्यात उजेड पडला. पण मग पोटनिवडणूक का झाली नाही? गावात लोक म्हणायचे, हरायच्या भीतीने घेतली नाही.

लालशाई

चालेल.

जागा रिकामी झाल्यावर सहा महिन्यांत पोटनिवडणूक, पण सभागृहाची मुदत वर्षापेक्षा कमी उरली असेल तर ते बंधन नाही. मुदत संपणार होती २६ नोव्हेंबर २०२४ ला. डिसेंबर २०२३ च्या २२ पासून मोज, वर्षाला महिनाभर कमी पडतो. अकोला पश्चिमची पोटनिवडणूक तर जाहीर होऊनही नागपूर खंडपीठाने मार्च २०२४ मध्ये याच कारणावरून रद्द केली होती. तेव्हा सावनेर अकरा महिने बिनआमदाराचं राहिलं ते कॅलेंडरमुळे.

आपल्या भागात पोरांना बाकी काही येवो न येवो, "अपात्र" शब्द पाठ आहे. २०१४ ला सावनेरातच भाजपच्या उमेदवाराचा अर्ज सरकारी कंत्राटामुळे बाद झाला, तो त्याच कायद्याच्या कलम ९अ खाली. २०२४ ला रामटेकमध्ये काँग्रेसच्या रश्मी बर्वे यांचा अर्ज जातप्रमाणपत्रावरून बाद झाला, ऐनवेळी त्यांचे पती उभे राहिले आणि खासदार झाले. एकाच पट्ट्यात दहा वर्षांत तीन वेगवेगळ्या कारणांनी बाद.

कळमेश्वर_कट्टा

लालशाई साहेब, माहिती बरोबर असेल, पण तुमचा सूर लेखापरीक्षकाचाच राहणार. मी सुनीलबाबूंचा मतदार आहे आणि लाज वाटत नाही. १९९५ ला अपक्ष निवडून आले, १९९९ ला पडले, २००४ पासून सलग चार वेळा लोकांनी दिलं. त्या चारही वेळी बँकेचं प्रकरण लोकांना माहीत होतं. प्रत्येक निवडणुकीला विरोधकांनी ते घरोघर सांगितलं. तरी निवडून दिलं ना? आमच्या गावातल्या माणसाला दवाखान्यात खाट मिळत नव्हती तेव्हा रात्री दीडला फोन उचलणारा आमदार होता तो. एकवीस वर्षं खटला लटकवून ठेवायचा आणि मग एका दुपारी सगळं संपवायचं, हा त्या माणसावरही अन्याय नाही का? आणि अपील अजून आहेच. उद्या निर्दोष सुटले तर ही वर्षं कोण परत देणार?

लालशाई

तुमचं शेवटचं वाक्य खरं आहे. निर्दोष सुटले तर गेलेली वर्षं कोणी देत नाही. पद्धतच तशी आहे. १० जुलै २०१३ च्या आधी तसं नव्हतं. तेव्हा कलम ८(४) होतं: बसलेल्या आमदाराला तीन महिने मुदत, त्यात अपील केलं की अपिलाच्या निकालापर्यंत आमदारकी सुरक्षित. सर्वोच्च न्यायालयाने लिली थॉमस खटल्यात ते कलम रद्द केलं.

आता यातली गंमत पहा. सगळे म्हणतात खटला लांबला तो आरोपींच्या फायद्याचा. थोडाफार होताच, मधल्या काळात मंत्रिपदही झालं. पण हाच निकाल समजा २०१० किंवा २०१२ ला लागला असता, तर अपील टाकून ती मुदत तरी आमदार म्हणून पुरी झाली असती. पुढच्या निवडणुकीला अडचण आली असती, पण रातोरात खुर्ची गेली नसती. खटला लांबला आणि मधल्या मध्ये कायदाच बदलला.

रात्री दीडच्या फोनबद्दल मी काही बोलणार नाही. तो खरा असणार. मी अशी माणसं नोकरीत पाहिली आहेत आणि ती लोकांच्या उपयोगी पडतात हेही पाहिलं आहे. पण मतदाराने चार वेळा दिलं म्हणून हिशेब जुळत नाही. मतपेटी आणि तिजोरी वेगवेगळ्या किल्ल्यांनी उघडतात.

संत्राबर्फी

लालशाई, ते रोख्यांचं प्रकरण नेमकं काय होतं हो? आम्ही तेव्हा शाळेत होतो. होम ट्रेड म्हटलं की टीव्हीवरची जाहिरात आठवते फक्त. सचिन, शाहरुख, हृतिक, तिघं एका कंपनीला. घरी वाटायचं काहीतरी मोठं असणार.

लालशाई

मोठं होतंच, जाहिरातीपुरतं.

साधं करून सांगतो. बँकेने ठेवींचा काही भाग सरकारी रोख्यांत ठेवायचा असतो, रिझर्व्ह बँकेचा नियम. म्हणजे ठेवीदार धावून आले तर विकून पैसे उभे करता यावेत. त्या काळी सहकारी बँका हे रोखे खासगी दलालांमार्फत घ्यायच्या. पैसे आज द्यायचे, रोखे मागाहून यायचे. मधल्या काळात बँकेच्या हातात काय, तर दलालाने दिलेला कागद: इतक्या रकमेचे अमुक रोखे तुमच्यासाठी घेतले. नागपूर बँकेचा व्यवहार होम ट्रेड आणि आणखी चार दलाल कंपन्यांशी झाला, आणि रोखे काही आले नाहीत. रक्कम दीडशे कोटींच्या घरात. केदार तेव्हा बँकेचे अध्यक्ष. २००२ मध्ये लेखापरीक्षणातून तक्रार झाली, पोलीस, मग सीआयडी. वर्धा आणि उस्मानाबादच्या जिल्हा बँकाही त्याच होम ट्रेडमध्ये पोळल्या. पुढे रिझर्व्ह बँकेने सहकारी बँकांना रोखे कागदावर ठेवायची पद्धत सोडून डीमॅटकडे, म्हणजे संगणकावरच्या खात्याकडे न्यायला सुरुवात केली, ती या धक्क्यामुळे.

हे दीडशे कोटी डोळ्यांपुढे येत नाहीत, म्हणून माझ्या नोकरीतला एक छोटा प्रसंग सांगतो. संस्थेचं नाव घेत नाही, जिल्हाही नाही. एका पतसंस्थेत सकाळी साडेदहाला अचानक रोकड मोजायला गेलो. कीर्दीप्रमाणे शिल्लक एक लाख चौऱ्याऐंशी हजार. रोखपाल म्हणजे विशीतलं पोर, घामाघूम. तिजोरीतून गड्ड्या काढल्या, मोजल्या, एक लाख चव्वेचाळीस भरले. म्हटलं, बाकीचे चाळीस? त्याने तिजोरीच्या वरच्या कप्प्यातून वहीच्या चतकोर पानाची चिठ्ठी काढली. टाचणी टोचलेली, टाचणीला गंज आलेला. "रु. ४०,००० घेतले. दोन दिवसांत देतो." खाली अध्यक्षांची सही, तारीख सात महिन्यांपूर्वीची. पोर म्हणालं, साहेब, ही चिठ्ठी आम्ही रोकड धरतो. रोज संध्याकाळी तिला मोजून आत ठेवतो.

सात महिने ते पोर रोज एक चिठ्ठी चाळीस हजार म्हणून मोजत होतं. ती टाचणी आजही डोळ्यांपुढे आहे. मी लाल शाईने शेरा मारला आणि निघालो. तासाभरात अध्यक्षांचा निरोप आला, साहेब जेवूनच जा. जेवलो नाही, एवढंच.

दलालाचा कागद म्हणजे तीच चिठ्ठी, शून्यं जास्त. लेखापरीक्षकाचा प्रश्न दोन्हीकडे एकच असतो: वहीत आहे ते ठीक, वस्तू दाखवा. रोखे दाखवा म्हटल्यावर कागद पुढे आला की समजायचं.

तापीकाठ

मी जळगावचा. तुमच्या चर्चेत घुसतोय, पण आमचं घरकुल प्रकरण कोणाला आठवतं का?

सुरेशदादा जैन १९८० पासून २०१४ पर्यंत आमदार, नऊ वेळा. जळगावात निवडणूक म्हणजे दादा किती मतांनी, एवढाच प्रश्न. घरकुल योजना, म्हणजे गरिबांना घरं बांधून द्यायची, नगरपालिकेच्या काळातली. फेब्रुवारी २००६ ला आयुक्तांनी फिर्याद दिली, दादांना अटक झाली मार्च २०१२ ला. निकाल ३१ ऑगस्ट २०१९, धुळ्याचं कोर्ट: सात वर्षं आणि १०० कोटी दंड, एकूण अठ्ठेचाळीस जण दोषी. तेव्हा ते आमदार नव्हतेच. २०१४ ची निवडणूक तुरुंगातून लढवली आणि हरले. त्यामुळे आमच्याकडे ८(३) ची कोणी चर्चाच केली नाही. त्यांना मतदारांनी आधीच मोकळं केलं होतं.

आमच्या वडिलांना पिंप्राळ्याकडे जाताना ते अर्धवट सांगाडे दिसले की स्कूटर हळू करायची सवय होती. भिंती उभ्या, वर आकाश. आम्ही पोरं त्यात लपाछपी खेळलो आहोत. माणूस तुरुंगात गेला, सुटला, राजकारणातून निवृत्त झाला, सगळं झालं. मला लालशाईंना विचारायचंय: पैशाचं काय होतं पुढे? म्हणजे मूळ जो पैसा गेला, त्याचं?

लालशाई

तापीकाठ, तुम्ही विचारलं म्हणून बरं झालं, एवढ्या चर्चेत ते कोणी विचारलं नव्हतं.

फौजदारी खटला माणसाला शिक्षा देतो. दंड होतो तो सरकारजमा, फार तर त्यातली काही रक्कम भरपाई म्हणून द्यायला कोर्ट सांगू शकतं. बुडालेला पैसा परत आणायची वाट निराळी आहे. सहकारी संस्थेत ती वाट म्हणजे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चं कलम ८८. आधी लेखापरीक्षण किंवा कलम ८३ ची चौकशी, त्यात नुकसान दिसलं की ८८ खाली प्राधिकृत अधिकारी नेमायचा, त्याने कोणत्या संचालकाकडून किती वसूल करायचं ते ठरवायचं. मग त्यावर अपील सहकारमंत्र्यांकडे. पुन्हा वाचा: मंत्र्यांकडे. ज्याच्यावर जबाबदारी निश्चित झाली तोही राजकारणी, ज्याच्याकडे अपील तोही राजकारणी, आणि सरकारं बदलत राहतात. नंतर उच्च न्यायालय आहेच. मी नोकरीत पाहिलेल्या ८८ च्या फायली माझ्याआधीच्या माणसाने उघडलेल्या असत आणि माझ्यानंतरच्याला देऊन मी निघालो. दोन फायलींत तर जबाबदारी निश्चित होईपर्यंत संचालक वारले होते, मग वारसांना नोटिसा. एका वारसाने मला विचारलं होतं, "आमच्या बापाने काय केलं होतं?" सांगायला मला पाऊण तास लागला.

म्हणून मी म्हणतो, या पोराच्या काकांचा "आमदारकी" हा प्रश्न एका दिवसात सुटला, त्याला कायदा तयार होता. पैशाच्या प्रश्नाला कायदा आहे, पण त्याला पाय नाहीत.

कळमेश्वर_कट्टा

या ८८ वर मात्र तुमच्याशी भांडण नाही. शेतकऱ्याकडे तीस हजार थकले तर सोसायटीचा सचिव बैलजोडीकडे बघत दारात उभा राहतो.

खापाकडचा

सगळ्यांचे आभार. काल रात्री काकांना फोन लावला आणि लालशाईंचे तीन कागद समजावून सांगितले. आधी म्हणाले, "कोणत्या पक्षाचा आहे हा तुझा लालशाई?" मग बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "म्हणजे जुलैमधला कागद आपल्याला लागला." मी हो म्हटलं. काकूने मागून विचारलं, कोणाशी बोलता, तर म्हणाले, काही नाही, कोर्टाचं आहे.

त्यांनी एकच विचारलं, ते इथे टाकतो: अपिलाची तारीख घरबसल्या पाहता येते का? दर वेळी ते नागपूरला कोणाला तरी फोन करतात आणि प्रत्येक जण वेगळं सांगतो.

लालशाई

येते. ई-कोर्ट्सचं ॲप घे. जिल्हा नागपूर, जिल्हा व सत्र न्यायालय निवड, पक्षकाराच्या नावाने शोध. नाव इंग्रजी स्पेलिंगने टाक, आणि वर्ष टाकताना २००२ टाकू नको, ते मूळ खटल्याचं. अपील निकालानंतरचं आहे, तेव्हा २०२३ टाक, नाही सापडलं तर २०२४. सापडलं की सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक दिसेल. तो काकांना कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दे, पुढच्या वेळी तेवढाच टाकला तरी पुरतो.